साम्रदच्या चौघांचे आभार

सांदण दरीत (सह्याद्रीतली अरुंद, खोल घळ) पहिल्या रॅपलच्या (दोराने कडा उतरायच्या जागेच्या) अलीकडे हलत्या धोंड्यावर पाय पडला आणि आमच्यातल्या एकीचा घोटा मुरगळला. जवळच्या साम्रद गावचे चौघे वाटाडे दुसऱ्या गटाबरोबर होते. दोघं त्या गटाला सांगून लगेच आले, बाकीचे मागोमाग.

आधी त्यांनी बूट काढू दिला नाही. काढला की सूज चढते, मग तो परत पायात जात नाही. बुटावरूनच क्रेप बँडेज आठच्या आकड्यात गुंडाळलं. खाली उतरूनच जाऊ, असा आमचा हट्ट होता (चुकीचाच). रॅपलचा दोर ओढून घेतला की मागे फिरता येत नाही आणि पुढे तासन्‌तास धोंडेच, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं.

मग आल्या वाटेने मागे फिरलो. त्यांनी दोराच्या वेटोळ्याचे दोन फास करून तिचे पाय त्यात घातले, नि आळीपाळीने पाठुंगळी घेतलं. पाण्याच्या डोहात एकजण पुढे काठीने तळ चाचपत होता, दुसऱ्याने तिचा दुखरा पाय दोन्ही हातांनी पाण्याच्या वर धरला होता. स्वतः कमरेपर्यंत भिजलेला, दरीत ऊन नाही, तरी पाय कोरडा ठेवला.

वर आल्यावर पैशांचं विचारलं, तर त्यांनीच आम्हाला चहा पाजला. दादांनो, मनापासून आभार. घोटा आता बरा आहे.