पट्टे सारखे म्हणून मासे सख्खे नसतात

मा. संपादक,
नमस्कार. विज्ञानाच्या पानावर माशांच्या रंगांवरचा लेख वाचला, फोटो छानच होते, पण "परिस्थिती बघून माशांनी अंगावर पट्टे आणले" हे वाक्य काही डोक्यातून जाईना. असं होत नाही हो. मासा ठरवून काही आणत नाही, आणि खरी गोष्ट याहून कितीतरी भारी आहे म्हणून लिहायला बसलो.

पूर्व आफ्रिकेतल्या व्हिक्टोरिया, मलावी, टांगानिका अशा मोठ्या तळ्यांमध्ये सिक्लिड माशांच्या १२०० च्या वर प्रजाती आहेत. त्यातल्या बऱ्याच जणांच्या अंगावर डोक्याकडून शेपटीकडे जाणारे आडवे काळे पट्टे असतात आणि हे पट्टे एकदाच नाही तर पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या तळ्यांत स्वतंत्रपणे आलेत. म्हणजे मलावीतला एखादा पट्टेवाला दिसायला व्हिक्टोरियातल्या पट्टेवाल्यासारखा, पण नातं बघाल तर त्याच्याच तळ्यातल्या बिनपट्ट्याच्या माशाशी जास्त जवळचं.

२०१८ मध्ये जर्मनीतल्या कॉन्स्टान्झ विद्यापीठाच्या टीमने यामागचा जीन दाखवून दिला, त्याचं नाव एजीआरपी-२. गंमत म्हणजे हा जीन पट्टे बनवत नाही, तो पट्टे अडवतो, जोरात चालू असला की मासा बिनपट्ट्याचा आणि मंद पडला की पट्टे दिसतात. त्यांनी क्रिस्परने (म्हणजे डीएनए हव्या त्या जागी कापायचं तंत्र) बिनपट्ट्याच्या माशात हा जीन बंद पाडला आणि त्याच्या अंगावर चक्क पट्टे उमटले! म्हणजे पट्ट्यांची तयारी आतमध्ये होतीच, फक्त ब्रेक लावलेला होता. मला तर हे वाचून दोन दिवस दुसरं काही सुचत नव्हतं.

आणि पुढचा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. जीन तोच, पण तो मंद करणारे डीएनएतले बदल सगळीकडे एकच नाहीत, एका तळ्यात सापडलेला बदल बघून दुसऱ्या तळ्यातल्या माशाला पट्टे असतील की नाही हे सांगता येत नाही. असे बदल आपोआप होत राहतात, त्यातले उपयोगी पडतात ते टिकतात, माशाची इच्छा यात कुठेच येत नाही.

मेक्सिकोतल्या गुहांमधल्या आंधळ्या माशांचं पण असंच आहे. पाचोन आणि मोलिनो या दोन वेगळ्या गुहांमधले मासे पांढुरके आहेत, दोन्हीकडे अंगाला रंग देणारा ओसीए-२ हाच जीन बिघडलाय पण तुटलाय वेगवेगळ्या जागी (हे २००६ मध्ये कळलं), दोघांकडेही धड चालणारा ओसीए-२ नाही म्हणून त्यांची जोडी लावली तरी पिल्लं पांढुरकीच. डोळ्यांचं मात्र उलटं, वेगवेगळ्या गुहांमधल्या काही आंधळ्या आईबापांना डोळ्यांनी दिसणारी पिल्लं झालीयेत कारण तिथे दोघांचे बिघडलेले जीन वेगळे, एकाची उणीव दुसऱ्याने भरून काढली. तेव्हा वरून सारखं दिसलं म्हणून आतलं कारण तेच असेल असं धरून चालता येत नाही, तपासावंच लागतं.

माझी विनंती एवढीच की ते वाक्य दुरुस्त करून छापा, शाळेतली मुलं तुमचं पान कापून वहीत चिकटवतात. आणि पुढच्या वेळी अशा फोटोंच्या बाजूला त्या माशांचा वंशवृक्ष पण द्या, छोटा असला तरी चालेल, म्हणजे एकसारखे दिसणारे मासे किती लांबच्या फांद्यांवर बसलेत ते बघता क्षणी कळेल.

आपला,
एक नियमित वाचक