ब्योब्लिंगनच्या ढालीवरचं निशाण आणि शिंग

ब्योब्लिंगन, जर्मनी

ती. काका आणि ती. काकूंना,
सा. न. वि. वि.

इथल्या जिल्ह्याचं अधिकृत चिन्ह असलेली पिवळी ढाल तुम्हाला पत्र्यावर रंगवायची आहे आणि ते निशाण कसलं, शिंग कुणाचं, हेही तुम्ही विचारलंत. आधी अर्थ लिहितो. तो कळला की कुठे हात मोकळा सोडायचा आणि कुठे नाही, हे तुम्हाला वेगळं सांगावं लागणार नाही.

इथे चिन्हाचं चित्र प्रमाण मानत नाहीत, शब्दांतलं वर्णन प्रमाण मानतात. ब्योब्लिंगन जिल्ह्याचं वर्णन एका वाक्यात बसतं: सोनेरी भूमीवर, हरणाच्या आडव्या काळ्या शिंगाखाली, तीन पदरांचं लाल निशाण, त्याला वर तीन लाल कड्या. एवढं जुळलं की दहा रंगाऱ्यांनी दहा तऱ्हांनी काढलं तरी चिन्ह तेच राहतं. ढालीची कड किती गोल, पदर किती लांब, हे रंगवणाऱ्यावर सोडलेलं असतं.

निशाण ट्युबिंगनच्या घराण्याचं. 1146 पासून या घराण्याकडे श्वाबियाचं फाल्ट्सग्राफ हे पद होतं, म्हणजे त्या प्रदेशात राजाच्या वतीने कारभार पाहण्याचा मान. हे निशाण काठीला बाजूने बांधलेलं नसतं. आडव्या दांडीला कड्यांनी अडकवून खाली सोडलेलं असतं आणि त्याचा खालचा भाग तीन पदरांत चिरलेला असतो. आज या जिल्ह्यात असलेलं झिंडेलफिंगन, जिथे मर्सिडीजचा मोठा कारखाना आहे, ते गाव 1263 मध्ये याच घराण्यातल्या रुडॉल्फने वसवलं.

पुढे वाटण्या झाल्या, कर्ज वाढलं आणि एकेक गाव विकायची वेळ आली. घेणारे बहुतेक ठिकाणी वुर्टेमबर्ग या दुसऱ्या राजघराण्याचे सरदार. 1342 मध्ये खुद्द ट्युबिंगन, किल्ल्यासकट, 20,000 पौंड हेलरला (हेलर हे तेव्हाचं नाणं) गेलं. विकणाऱ्यांनी त्या व्यवहारात शोनबुखच्या जंगलातला शिकारीचा हक्क तेवढा स्वतःकडे राखला. 1351 मध्ये झिंडेलफिंगन गेलं, 1357 मध्ये ब्योब्लिंगन आणि 1382 मध्ये हेरेनबर्ग. वुर्टेमबर्गच्या ढालीवर सोनेरी भूमीवर तीन काळी शिंगं असतात, त्यातलं एक इथे वर आलं. तुम्ही ही शिंगं पाहिलेली आहेत: पोर्शे गाडीच्या बोधचिन्हात दोन चौकटींत तीच आहेत. पोर्शेचं संशोधन केंद्र ज्या वाइसाख गावात आहे, तेही याच जिल्ह्यात येतं.

म्हणून मी या ढालीकडे फेरफाराच्या नोंदीसारखं पाहतो: खाली विकणाऱ्याचं निशाण, वर घेणाऱ्याचं शिंग. शोनबुखात हरणं खूप, म्हणून ढालीवर शिंग आलं, असा समज सहज होतो, पण या शिंगाचा जंगलाशी संबंध नाही. ती सत्तेची खूण आहे. वुर्टेमबर्गच्या ताब्यातल्या इतरही गावांच्या ढालींवर ते असंच वरच्या बाजूला दिसतं. 1973 च्या पुनर्रचनेत लेऑनबर्ग जिल्ह्याचा मोठा भाग इकडे जोडला गेला. लेऑनबर्ग हे शहर 1248 मध्ये वुर्टेमबर्गनेच वसवलेलं, त्यामुळे शिंग त्यालाही शोभतं. याच जिल्ह्यातलं वाइल डेर श्टाट, खगोलशास्त्रज्ञ केप्लरचं जन्मगाव, मात्र एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत थेट सम्राटाच्या अखत्यारीतलं स्वतंत्र शहर होतं. त्याची खूण या ढालीत नाही. ती घातली असती तर ढाल चार खणांची झाली असती आणि शिक्क्याच्या आकारात काहीच ओळखू आलं नसतं. दोनच वस्तू ठेवल्या हे मला फार योग्य वाटतं.

आता रंग. सोनेरी आणि चंदेरी हे धातू. लाल, काळा, निळा, हिरवा हे रंग. धातूवर रंग किंवा रंगावर धातू, असा नियम आहे, कारण ढाल लांबून ओळखू यायला हवी. सोनेरीसाठी साधा पिवळा चालतो, चमकीची गरज नाही. पण तो स्वच्छ पिवळा हवा. नारिंगीकडे झुकला की लाल निशाण त्यात बुडतं. पिवळ्याच्या जागी पांढरा लावलात तर ते ऑस्ट्रियातल्या फोरार्लबर्गचं निशाण होईल. ट्युबिंगन घराण्याचीच मोंटफोर्ट नावाची शाखा तिकडे होती, तिने आकार तोच ठेवून रंग बदलले. शिंग गाळलंत तर नुसतं ट्युबिंगन घराण्याचं चिन्ह उरेल.

पत्र्यावर आधी पांढरा प्रायमर द्या, कारण पिवळा झाकत नाही. मग पिवळ्याचे दोन हात, पूर्ण वाळू द्या, मग लाल आणि शेवटी काळा. पिवळा ओला असताना लाल लावला तर कडा नारिंगी होतात. ढाल 20 सेंटीमीटर रुंद असेल तर उंची 25 ठेवा. वरचा साधारण चौथा भाग शिंगाला, बाकीचा निशाणाला. कड्या भरीव करू नका, आतून पिवळं दिसायला हवं, नाहीतर त्या ठिपके वाटतात. पदरही टोकदार करू नका. ते कापडाच्या पट्ट्या आहेत, ज्वाळा नाहीत. सावली, घड्या, छटा काही नको.

एकरंगी ठसा करायचा झाला तर सतराव्या शतकापासूनची खुणांची रीत आहे: सोनेरीसाठी बारीक ठिपके, लालसाठी उभ्या रेघा, काळ्यासाठी आडव्या-उभ्या रेघांची जाळी. लहान शिक्क्यात ठिपके भरून येतात, तेव्हा ते विरळ ठेवा.

घरात लावायला ढाल खुशाल रंगवा. दुकानाच्या पाटीवर किंवा विकायच्या मालावर मात्र नको. ते चिन्ह जिल्ह्याचं आहे आणि तसा वापर करायचा तर त्यांची परवानगी लागते.

काकूंना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

तुमचा पुतण्या