एका खणाचा हिशेब

पुणे
रविवार, रात्री उशिरा

प्रिय ऋता,

हे सगळं व्हॉट्सॲपवर लिहिलं असतं तर तू दोन दिवसांनी एक अंगठा पाठवून मोकळी झाली असतीस, म्हणून पत्र. अक्षर पार गेलंय माझं. आर्किटेक्चरची पाच वर्षं नुसत्या रेघा मारल्यावर दुसरं काय होणार! सांभाळून घे.

थिसिसचं ग्रुपवरून कळलंच असेल. दुसऱ्या ज्युरीत, परीक्षकांसमोर डिझाइन मांडताना, मी सपशेल आपटले. पण तिथे जे पसरलंय (‘ती रडली’ वगैरे) त्यातलं निम्मं खोटं आहे. रडले, पण घरी येऊन.

साइट तुला माहीत आहे. कसब्यातला तोच वाडा, ज्याच्या दिंडी दरवाज्यात तू एकदा डोकं आपटून घेतलं होतंस. दुमजली, पुढे चौक, मागे आड, रस्त्याकडे सात खणांची, म्हणजे दोन खांबांमधल्या सात गाळ्यांची, दर्शनी बाजू. पूर्वी अकरा बिऱ्हाडं होती, आता सहा उरली आहेत. शनिवारवाड्याच्या तटापासून शंभर मीटरच्या आत असल्यामुळे तो पडत नाही आणि उभाही धड राहत नाही. पुरातत्त्वाच्या कायद्यात २०१० साली झालेल्या दुरुस्तीनुसार संरक्षित वास्तूच्या हद्दीपासून शंभर मीटरपर्यंत नवं बांधकाम बंद, आणि त्यापुढच्या दोनशे मीटरमध्ये परवानगीनं. शंभर मीटरच्या आतल्यांना फक्त दुरुस्ती आणि नूतनीकरण करता येतं, तेही परवानगी काढून. मालकांची अडचण याच्याही आधीची. भाडी १९४७ च्या कायद्यानं १ सप्टेंबर १९४० च्या आकड्याला बांधली गेली. या वाड्यातल्या एका बिऱ्हाडाचं महिन्याचं भाडं आपल्या कॉलेजबाहेरच्या दोन कटिंगएवढंही नाही. त्यात मालकांनी सागवानी खांब बदलावा अशी अपेक्षा कशी धरायची? मी आधी त्यांना मनातल्या मनात खलनायक करून ठेवलं होतं. भेटल्यावर कळलं, तेही त्याच वाड्यात, त्याच गळक्या कौलांखाली राहतात.

तर माझं पहिलं डिझाइन. वाडा मूळ रूपात आणायचा, भाडेकरूंनी घातलेल्या पार्टिशन सगळ्या काढायच्या, आणि मागच्या अंगाला संडास-बाथरूमचा एक तीन मजली टॉवर उभा करायचा, स्टीलचा, बारीक, नजाकतदार. रेंडर (कॉम्प्युटरवरचं चित्र) इतका सुंदर आला होता की मीच त्याच्या प्रेमात. ज्युरीतल्या एका बाईंनी शीटकडे पाहिलं आणि शांतपणे विचारलं, “हा टॉवर कुठल्या परवानगीनं?” कायद्यात बांधकाम म्हणजे काय ते लिहिलंय, आणि असलेल्या इमारतीला आडवी-उभी भर घालणं हेही बांधकामच. मी ते पान वाचलं होतं गं! ‘दुरुस्ती’ शब्दावर खूश होऊन पुढे गेले. त्यानंतर पंधरा मिनिटं काय बोलले ते मलाच ठाऊक नाही.

त्या बाईंचा दुसरा प्रश्न मात्र टॉवरपेक्षा जास्त लागला. “मूळ रूप म्हणजे कोणत्या सालचं?”

खरंच कोणत्या सालचं? एका कुटुंबाचा वाडा, मग त्यात अकरा बिऱ्हाडं, हाच तर रीयूज, जुन्या इमारतीचा नवा वापर, झाला. आर्किटेक्ट न बोलावता, फी न देता. मी पुन्हा वाड्यात गेले आणि या वेळी खांब सोडून पार्टिशनच मोजल्या. ऋता, काय काय सापडलं! प्लायवूड, पत्रा, कुणाच्या तरी लग्नातलं कपाट उभं करून केलेली भिंत, एक जुनं दार आडवं ठोकलेलं, आणि माळ्यावर निवडणुकीचा फ्लेक्स, उमेदवाराचं तोंड आतल्या बाजूला. एका ठिकाणी तीन खणांच्या घरात मुलाचं लग्न ठरल्यावर पार्टिशन एक खण सरकवलेली, जुन्या खिळ्यांची रांग अजून जमिनीवर दिसते. मी ज्याला ‘अतिक्रमण’ म्हणून लाल पेननं खोडलं होतं ते त्या घराचं सगळं चरित्र होतं.

आता सुतारमामांकडे येते, कारण खरं पत्र त्यांच्याबद्दलच आहे.

मागच्या पडवीतला एक खांब खालून कुजलाय. आठ इंची चौरस सागवान, वर अगदी ठणठणीत, आणि तळखड्याला, खालच्या दगडाला, टेकतो तिथे हात लावला तर भुसा. कारण उघड आहे. पन्नास-साठ वर्षांपूर्वी कुणीतरी त्याला लागून मोरी केली. मालकांनी एकदाचा खर्च काढला आणि मामा आले. सत्तरीच्या पुढचे, बोलणं कमी, तंबाखू जास्त. मी तीन दिवस त्यांच्या मागे मागे. आधी दोन्ही बाजूंना टेकू आणि स्क्रूजॅक लावून तुळई सुतभर उचलली. मला वाटलं वाडा कण्हला. मग खांबाचा कुजका भाग कापला, पण आडवा सरळ नाही. वीसेक इंच लांब तिरकी खाप घेतली, दोन्ही टोकांना छोटे दात ठेवून. खालचा नवा तुकडा भवानी पेठेतल्या वखारीतून आणलेला, कुठल्या तरी पाडलेल्या वाड्याचाच. “नवं लाकूड अजून हलतं, जुन्याचं हलून झालेलं असतं,” एवढंच म्हणाले.

आणि मग खुंटी. हे तुला नीट सांगते, कारण हे बघताना माझ्या अंगावर काटा आला. आपण काय समजतो, दोन्ही लाकडांतून सरळ एक भोक पाडायचं आणि खुंटी ठोकायची. मामांनी बाहेरच्या लाकडाचं भोक पाडलं, सांधा जुळवून आतल्या लाकडावर खूण केली, सांधा सोडवला आणि आतलं भोक त्या खुणेपासून किंचित सरकवून पाडलं. पेन्सिलीच्या टोकाएवढा फरक. मी म्हटलं, मामा, चुकलं. त्यांनी वरही पाहिलं नाही. खुंटी बाभळीची, वाळवलेली, टोकाला निमुळती. ती आत जाताना दोन भोकं एका रेषेत यायला बघतात, आणि त्या ओढीनं सांधा आवळत जातो. प्रत्येक ठोक्याला फट बारीक होताना दिसत होती. शेवटी नख शिरेना. डिंक नाही, स्क्रू नाही. परत सोडवायचा तर खुंटी मागून ठोकायची.

हे पाहून मला चेव चढला आणि वर्कशॉपमध्ये मी स्वतः एक पूर्ण मापाचा सांधा केला, ज्युरीत ठेवायला. साधा. वहीत आपण ज्याला मॉर्टिस-टेनन लिहितो त्याला मामा कूस आणि भोक म्हणतात. नियम पाठ होता, कूस (भोकात बसणारी जीभ) लाकडाच्या जाडीच्या एक तृतीयांश. माप बरोबर, पण पटाशी आतून तिरकी गेली आणि एका बाजूला दीड मिलिमीटर फट राहिली. मग काय, आपलं कॉलेजचं शास्त्र: लाकडाचा भुसा, फेव्हिकॉल, वर सँडपेपर. अगदी बेमालूम. मामांना अभिमानानं दाखवायला नेलं. त्यांनी न बघता बोटाच्या पेरानं दोन ठिकाणी टकटक केलं आणि बरोबर त्या बाजूला अंगठा ठेवून विचारलं, “इथं काय भरलंस?”

असो. त्या कुजक्या खांबानं माझा प्लॅन बदलला. मी आतापर्यंत बाथरूम कुठे ‘मावेल’ ते शोधत होते. खरा प्रश्न होता की पाणी लाकडाच्या पायाशी जाणार नाही असं कुठे ठेवायचं. वाड्यातले जे चार खांब कुजलेत त्या चारही ठिकाणी आधी कुणीतरी मोरी केलेली होती. म्हणजे कुठे नळ घालू नये हे वाड्यानंच लिहून ठेवलं होतं, वाचायचं तेवढं बाकी होतं.

तर आता हिशेब ऐक. एक खण साधारण पाच फुटांचा, खोली दहा फूट. दोन बिऱ्हाडांच्या मधला एक खण दोघांनी मिळून सोडायचा. त्यात पाच बाय पाचला जराशी कमी अशी दोन न्हाणीघरं, संडासासकट, पाठीला पाठ लावून, दोन्हींचे नळ एकाच उभ्या पाइपवर. वरच्या मजल्यावर बरोबर त्याच खणात तेच. आणि ही जी पेटी आहे ती वाड्याच्या एकाही खांबाला किंवा तुळईला टेकत नाही. स्वतःच्या पायांवर जमिनीपासून उभी, भोवती दोन इंचांची मोकळी फट. फटीतून हवा खेळते, गळलं तर दिसतं, आणि मामांसारख्या कुणाला खांबाच्या बुडाशी हात घालता येतो. त्या खणातल्या वरच्या कड्या (तुळयांवरची आडवी लाकडं) मात्र काढाव्या लागतात, त्याचं दुःख आहे. त्या काढून ठेवून दुसऱ्या कुजक्या कड्यांच्या जागी वापरायच्या. बाहेरून एक इंचही वाढ नाही. परवानगी मिळेल की नाही हे देवाला माहीत, पण निदान मागता येईल.

केस स्टडीत मी फ्रान्समधल्या बोर्दोचं काम घेतलं होतं, लाकातोँ आणि वासाल या आर्किटेक्ट जोडीचं. साठच्या दशकातल्या तीन इमारती, ५३० घरं. पाडल्या नाहीत, माणसं हलवली नाहीत, बाहेरून प्रत्येक घराला जवळजवळ चार मीटर खोल बंद गच्ची जोडली. एका घराचं काम पंधरवड्यात. फार सुंदर आहे, पण माझ्या उपयोगाचं त्यातलं एवढंच, की माणसं घरात असताना काम करायचं. बाहेर वाढायची चैन माझ्याकडे नाही. त्यापेक्षा आपले आर्किटेक्ट बाळकृष्ण दोशी जवळचे वाटले. मूळचे पुण्याचेच, १९२७ चा जन्म, घरात फर्निचरचा धंदा. हे आपल्याला पहिल्या वर्षी कुणी का सांगितलं नाही? इंदूरच्या अरण्य वसाहतीत त्यांनी गरिबांना अख्खं घर दिलंच नाही. जोतं, संडास-मोरी, एखादी खोली, पुढचं ज्यानं त्यानं ऐपतीप्रमाणे वाढवायचं. माझी गंमत उलटी आहे. घर पिढ्यान्‌पिढ्या उभं आहे, संडास तेवढा आत नाही.

पार्टिशनचंही ठरलं. खणाच्या मापाच्या लाकडी चौकटी, पाचर मारून तुळईखाली घट्ट बसवायच्या, खिळा कुठेच नाही. मुलाचं लग्न ठरलं की पाचर काढा, चौकट एक खण सरकवा. आतलं तावदान प्लायचं असो की त्या उमेदवाराच्या फ्लेक्सचं, माझी हरकत नाही. (गाइडची आहे.)

वाड्यातल्या आजींना हे सगळं मॉडेल नेऊन दाखवलं. त्यांच्याकडे अडीच खण आहेत. बराच वेळ चष्मा वर-खाली करून पाहिलं, मग बोट ठेवून म्हणाल्या, “म्हणजे माझा अर्धा खण तू घेणार.” मी गप्प. “घे. पण या भिंतीच्या अंगानं नको, तिला माझे देव आहेत. पलीकडून घे.” पलीकडे घ्यायचं म्हणजे सगळी ओळ एक खण सरकते आणि जिन्याखाली पाइप जात नाही. दोन रात्री गेल्या त्यात. सरकवलं शेवटी. त्यांना रात्री दोनदा जिना उतरून मागच्या अंगणातल्या संडासात जावं लागतं, बॅटरी घेऊन, ब्याऐंशीव्या वर्षी. त्यांचे देव जागेवर राहायलाच हवेत.

सगळे असे नाहीत हं. वरच्या मजल्यावरचा मुलगा, आपल्याच वयाचा, तोंडावर म्हणाला, “ताई, तुमचा प्रोजेक्ट होईल, आम्हाला लिफ्टचा फ्लॅट पाहिजे.” त्याचं काय चुकलं? शंभर मीटरची रेघ त्यानं काढलेली नाही. पलीकडच्या गल्लीतला त्याचा मित्र रेघेच्या बाहेर आहे, तिथला वाडा गेला आणि पार्किंगवाली इमारत उभी राहिली. मी त्याला लाकडात कोरलेली केळफुलं आणि सुरूच्या झाडासारखे घडवलेले खांब दाखवत बसणार होते, लाज वाटली. त्याच्या खोलीची मापं मात्र त्यानंच टेप धरून दिली.

फायनल ज्युरी पुढच्या महिन्यात आहे. शीट निम्म्या झाल्यात, सांधा पुन्हा करायचाय, या वेळी फेव्हिकॉल न आणता. मामांनी स्वतःची एक जुनी पटाशी दिली आहे, दांडा तीनदा बदललेला.

आता तुझ्याकडे काम. तुझे कणकवलीचे आजोबा फणसाच्या लाकडात काम करायचे ना? त्यांना विचार, खुंटीचं भोक असं सरकवून पाडण्याला तिकडे काही नाव आहे का. मामांना विचारलं तर म्हणाले, “नाव कशाला, असंच पाडतात.” मला शीटवर काय लिहू कळत नाहीये. आणि आजोबांनी मोघम सांगितलं तर त्यांच्या हातात पेन्सिल देऊन काढूनच घे, फोटो पाठव. गुरुवारच्या आत. नाहीतर मीही ‘असंच पाडतात’ लिहून मोकळी होईन.

काकूंना नमस्कार सांग. कोकमं संपली.

तुझी,
रेवती