आईची कंबरदुखी खरी मानणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,
सप्रेम नमस्कार.

एमआरआयमध्ये शस्त्रक्रियेजोगे काही नाही, तेव्हा दुखणे मनाचेच असणार, असे अनेकांकडून ऐकून आई इतकी खचली होती की, कंबर दुखते हे सांगणेच तिने सोडून दिले होते. आपण पहिल्याच भेटीत तिला सांगितलेत की, दुखणे खरे आहे. तीन महिन्यांहून अधिक रेंगाळलेल्या वेदनेत मूळ इजा भरून आली तरी मज्जासंस्था धोक्याचा इशारा देतच राहू शकते. त्या दिवशी आई लालबागपर्यंत टॅक्सीत रडत होती, आणि ते रडणे सुटकेचे होते. माझे पहिले आभार त्यासाठीच आहेत.

उपचारासाठी आपण काढलेला व्हर्च्युअल रिॲलिटीचा, म्हणजे डोळ्यांवर लावून आभासी जग दाखवणारा, हेडसेट पाहून आम्हाला तो मुलांचा खेळ वाटला. अमेरिकेतल्या सिएटलमध्ये, भाजलेल्या रुग्णांचे लक्ष ड्रेसिंगच्या वेळी अशाच हेडसेटमधल्या आभासी बर्फाळ जगात गुंतवले जाई. जुनाट दुखण्यात मात्र लक्ष वळवून भागत नाही, श्वास आणि हालचाल नव्याने शिकावी लागते, हा फरक आपण समजावून दिलात. अमेरिकेच्या एफडीए या औषधे व वैद्यकीय उपकरणांच्या नियामक संस्थेने २०२१ मध्ये कंबरेच्या जुनाट दुखण्यासाठी मान्यता दिलेला असा कार्यक्रम आठ आठवड्यांचा असून तोही इतर उपचारांच्या जोडीनेच घ्यायचा असतो, हे आपण आधीच स्पष्ट केलेत, म्हणून आम्ही चमत्काराची वाट पाहिली नाही.

आईच्या अंबाड्यावर पट्टा बसेना, तेव्हा आपण तो हळूच सैल केलात. पहिल्यांदा तिला मळमळले, तेव्हा आपण तत्काळ थांबलात आणि पुढच्या वेळी बसूनच, थोडा वेळ सराव घेतलात. खाली पडलेला चमचाही मला उचलायला लावणारी आई त्या आभासी बागेत फुले वेचायला सहज वाकली. हेडसेट उतरताच आपण जमिनीवर एक तांब्या ठेवून तिला तसेच वाकायला सांगितलेत. माझ्या मते खरे कौशल्य तिथे होते, कारण बागेतले वाकणे घरात उतरले नसते तर त्याचा उपयोग काय?

दुखणे गेलेले नाही, आणि ते जाईल असे आपण कधी म्हणालाही नव्हता. मात्र कंबर ठणकते त्या दिवशी ती आता हेडसेटशिवाय, आपण शिकवलेला श्वास घेत बसते, आणि दादरच्या भाजी मंडईत पुन्हा एकटी जाते. हेडसेट लावायला बिचकणारे कोणी आपल्याकडे आले, तर त्यांच्याशी बोलायला ती स्वतः येईल, असा तिचा निरोप आहे.

आपला कृतज्ञ,
आपल्या एका रुग्णाचा मुलगा
लालबाग, मुंबई