आई, कणीक आता मशीनला मळू दे

पुणे,
कोजागिरीचा दुसरा दिवस

ती. आई आणि ती. बाबांना
साष्टांग नमस्कार.

महालक्ष्म्या आटोपून मी परतले त्याला महिना उलटून गेला, पण एक दृश्य डोळ्यांपुढून हलत नाही. जेवणाच्या दिवशी पहाटे साडेचारला मी पाणी प्यायला उठले, तर आई, तू ओट्यापाशी उभी होतीस. परातीत पुरणपोळीची कणीक होती. उजवा अंगठा मुठीत मिटून, मनगट जराही न वाकवता, तू सगळं अंग टाकून ती रेटत होतीस. मधेच थांबलीस आणि डाव्या हाताने मनगट घट्ट धरून उभी राहिलीस. मला पाहिलंस तेव्हा म्हणालीस, "काही नाही गं, सवय आहे."

ही सवय आता मोडू या. दिवाळीच्या आत घरात फूड प्रोसेसर येऊ दे. पैशांचं माझ्याकडे लागलं.

बाबा, तुम्ही कापून ठेवलेली जाहिरात मी नीट वाचली. हजार वॅट, बारा जोडण्या, चार भांडी. पण वॅट म्हणजे मशीन वीज किती ओढते तो आकडा. वाटण बारीक होणं हे पात्याच्या आणि भांड्याच्या घडणीवर असतं. तुम्हा दोघांच्या स्वयंपाकाला ६०० ते ७५० वॅट पुष्कळ झाले. २३० व्होल्टला ७५० वॅट म्हणजे सव्वातीन अँपिअरच्या आसपास, तेव्हा साधा ६ अँपिअरचा प्लग चालेल, नवीन वायरिंग लागणार नाही. आणि त्या बारा जोडण्या ठेवणार कुठे? नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या घरी कोठीची खोली होती. मनीषनगरच्या फ्लॅटमध्ये शेगडी आणि बेसिन सोडलं तर ओटा उरतो जेमतेम तीन फूट.

दादा म्हणतो तो मोठ्या वाडग्याचा स्टँड मिक्सर केकसाठी उत्तम. पण तो मसाला कुटत नाही आणि डाळही वाटत नाही. बाहेरची यंत्रं आपल्या वाटणापुढे हात टेकतात हे जुनंच आहे. १९६० च्या दशकात मुंबईत माधुरी माथुर यांचा परदेशी मिक्सर असाच जळला, म्हणून त्यांचे इंजिनिअर पती सत्यप्रकाश माथुर यांनी आपल्या स्वयंपाकाला झेपेल असा मिक्सर घडवायला घेतला. तोच पुढे 'सुमीत' झाला.

आपल्याला हवी एकच मोटर. तिच्यावर मिक्सरची दोन भांडी बसावीत, एक चटणीचं आणि एक ओल्या वाटणाचं, आणि कणीक मळायला, भाजी चिरायला, किसायला एक मोठं भांडं. बाकी काही नको. पण ते मोठं भांडं फार मोठं नको, हे मला इथे वापरून कळलं. माझ्याकडे मोठ्या कुटुंबासाठीचं आहे. त्यात दोन वाट्या कणीक घातली की ती कडेला चिकटून नुसती फिरत राहते, गोळा धरतच नाही. तुमच्या रोजच्या दहा पोळ्यांना पाव किलो पीठ लागतं, तेवढ्यात गोळा झाला पाहिजे. दुकानात विचारताना "जास्तीत जास्त किती?" विचारू नका, "कमीत कमी किती पीठ चालतं?" हे विचारा.

मळायला सोपं आहे. पीठ, मीठ, थोडं तेल घालून झाकण लावायचं, सगळ्यात हळू वेगावर सुरू करायचं आणि वरच्या नळीतून पाणी थोडं थोडं सोडायचं. मिनिटभरात पीठ कडा सोडून गोळ्यासारखं फिरायला लागतं, की लगेच बंद. मग वीस मिनिटं झाकून ठेव आणि तेलाचा हात लाव. पुरणपोळीची सैल कणीकसुद्धा होते, फक्त पाणी जास्त आणि शेवटचं तिंबणं हाताने. तेवढं मीच करीन, पुढच्या महालक्ष्म्यांना मी दोन दिवस आधी येणार आहे.

चवीचं तुझं म्हणणं मला मान्य आहे, आई. ठेचा खलबत्त्यातच. ज्वारीची भाकरी हातानेच, ती काही मशीनचं काम नाही. पण मुंगवड्यांची डाळ आणि वडाभाताच्या वड्यांचं भरड वाटण बिघडतं ते मशीनमुळे नाही, बटण सुरूच ठेवल्यामुळे. वेगाच्या उलट बाजूला पल्स असतं. ते दाबायचं, सोडायचं, भांडं हलवून परत दाबायचं. चार-पाच वेळा केलं की डाळ अगदी पाट्यावरच्यासारखी रवाळ राहते. संत्र्याचं मात्र सांभाळ. फोडी बियांसकट मिक्सरमध्ये फिरवल्या की बिया फुटतात आणि रस कडू होतो. आधी बिया काढ, मग हलकेच दोन झटके देऊन गाळून घे. आणि शिजलेली गरम डाळ बंद भांड्यात कधीच घालू नकोस, वाफेने झाकण उडतं.

बाबा, मे महिन्यात मसाला करताना मिक्सर बंद पडला होता आणि दुरुस्तीवाल्याने मोटर गेली म्हणून सातशे रुपये घेतले, ते अजून मला लागतं. बहुतेक तळाचं लाल बटण तेवढं बाहेर आलं असावं. मोटर फार तापली की ते आपोआप वीज तोडतं. अर्धा तास थांबून दाबलं की मशीन परत सुरू होतं. त्या दिवशी बाहेर ४५ अंश, दुपारची वेळ, सगळीकडे कूलर चालू म्हणून व्होल्टेज पडलेलं. अशात मोटर थंड होणार कशी? नवीन मशीनच्या तळाच्या पट्टीवर सलग किती वेळ चालवायचं ते छापलेलं असेल, बरेचदा ५ मिनिटं चालू आणि २ मिनिटं बंद असं. ते पाळा, आणि उन्हाळ्यात मसाला सकाळी सातच्या आत करा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. मोठ्या भांड्याचं झाकण फिरवून अडकवावं लागतं, अडकलं नाही तर मशीन सुरूच होत नाही. हात कापू नये म्हणून ते चांगलंच आहे, पण तेच फिरवताना आईचं मनगट दुखलं तर सगळं वाया. म्हणून बाबा, तुम्ही एकटे जाऊन घेऊन येऊ नका. आईला सोबत न्या. सीताबर्डीला गर्दी वाटली तर धरमपेठेत जा. आई, तू स्वतः उजव्या हाताने झाकण तीनदा लाव, तीनदा काढ. कळ आली तर दुसरं दाखवायला सांग, दुकानदार कंटाळला तरी चालेल. सर्व्हिस सेंटर नागपुरातच आहे ना, हेही विचारा, आणि आयएसआयचा शिक्का बघा.

मशीन कपाटात ठेवायचं नाही. पाच-सहा किलोचं ओझं रोज कोण काढणार? ते ओट्यावरच राहील, बेसिनपासून लांब, खिडकीकडच्या कोपऱ्यात. तिथून बरण्या मी काढून ठेवीन. बाबा, त्या कोपऱ्यात ओट्यापासून वरच्या फळीपर्यंत किती उंची आहे ते टेपने मोजून मला रविवारी फोनवर सांगा. भांडं चढवून वर चार बोटं जागा राहिली पाहिजे.

आई, अंगठ्याला शेक घेत जा, आणि तोवर पोळ्यांची कणीक बाबांना भिजवू दे. त्यांना येते, लहानपणी तू माहेरी गेलीस की तेच भिजवायचे.

तुमची लाडकी,
माई