यंदा बदलीचा अर्ज भरला नाही, त्याबद्दल

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

बाबा, परवा तुमचा फोन आला तेव्हा शाळेत गावातली माणसं बसली होती, म्हणून धड बोलता आलं नाही. लातूरला यायचा आंतरजिल्हा बदलीचा अर्ज मी यंदा भरलेला नाही. आईला वाईट वाटणार, हे मला ठाऊक आहे. म्हणून फोनवर तोडकंमोडकं सांगण्यापेक्षा सविस्तर लिहिते.

जूनमध्ये आमच्या बंजारा तांड्यावरच्या शाळेत नवी शिक्षणसेविका, म्हणजे पहिली तीन वर्षं मानधनावर असणारी शिक्षिका, आली. साताऱ्याकडची मुलगी. डी.एड., टीईटी ही पात्रता परीक्षा, अभियोग्यता चाचणी असं सगळं पार करून शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलवरून थेट हिंगोली जिल्ह्यात. शाळा पहिली ते चौथी, शिक्षक दोन: एक ती, एक मी. मुख्याध्यापकाचा चार्जही माझ्याकडेच. लेकरं घरी गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली, बोलतात. पहिल्याच आठवड्यात ती म्हणाली, "मॅडम, माझं त्यांना कळत नाही आणि त्यांचं मला कळत नाही."

नव्या माणसाच्या गळ्यात पहिलीचा वर्ग मारायचा, ही आपल्याकडची रीत. मला ती पटत नाही. पहिली-दुसरी मी माझ्याकडे ठेवली आणि तिसरी-चौथी तिला दिली. तिथवर आलेली लेकरं मराठी बोलतात. रोज पहिला तास तिची पोरं गटात वाचत बसतात आणि ती माझ्या वर्गात येते. गोष्ट आधी चौथीतल्या मुली गोरमाटीत सांगतात, मग मी मराठीत. आता तीही अधूनमधून सांगायला लागली आहे.

मीही तिच्या वर्गात मागं जाऊन बसते. हातात वही-पेन नेत नाही. कुणी लिहून घ्यायला लागलं की शिकवणाऱ्याचा घसा कोरडा पडतो. केंद्रप्रमुख चांगले आहेत, पण त्यांच्याकडे दहा-बारा शाळा. ते येतात तेव्हा शाळेचं दप्तर तपासण्यातच वेळ जातो. शिक्षकांची शिक्षण परिषद महिन्यातून एकदा. नव्या शैक्षणिक धोरणात शिक्षकाला वर्षाला ५० तास प्रशिक्षण सांगितलंय, ते हवंच. पण फळ्यापुढं उभं राहिल्यावर जे अडतं, ते त्याच दिवशी कुणाला तरी विचारता आलं पाहिजे.

मागच्या महिन्यातलं सांगते. हातच्याची वजाबाकी चालली होती. एका पोराचं ५२ वजा २८ चं उत्तर दर वेळी ३६ येई. ही तेच उदाहरण फळ्यावर पुन्हा पुन्हा सोडवून दाखवी, दर वेळी आवाज थोडा चढवून. शाळा सुटल्यावर मी एवढंच म्हटलं, ३६ कसं आलं ते त्यालाच विचार. दुसऱ्या दिवशी तिनं विचारलं. तो म्हणाला, आठातून दोन गेले सहा, पाचातून दोन गेले तीन. लहान आकडा मोठ्यातून काढायचा, एवढंच त्यानं धरून ठेवलं होतं. मग तिनं काड्यांचे दशकाचे गठ्ठे बांधून आणले आणि एक गठ्ठा त्याच्याच हातानं सोडवून घेतला. आई, त्या दिवशीचा तिचा चेहरा तू बघायला हवा होतास. शनिवारी सकाळची शाळा सुटली की आम्ही बसतो आणि असं एकच काहीतरी बोलतो. एका वेळी दहा चुका सांगितल्या तर माणूस खचतो.

ऑनलाइनची कामं, पोषण आहाराची रोजची नोंद, यू-डायसवर शाळेची माहिती भरणं, हे सगळं यंदा मी करते. पुढच्या वर्षी शिकवीन. तिचा वेळ आत्ता लेकरांत जाऊ द्यावा.

पैशाचं तर तुम्हाला माहीतच आहे. मी लागले तेव्हा मानधन ३,००० होतं आणि बाबा, खोलीभाडं तुम्ही पाठवत होतात. २०२३ पासून प्राथमिकला १६,००० झालंय, पण तीन वर्षं तेवढ्यावरच काढायची, तीही घरापासून इतक्या लांब. एकटा पडलेला शिक्षक पहिल्या संधीला बदली मागतो. त्याला दोष देता येत नाही, पण तांड्यावरच्या लेकरांना मग दर दोन वर्षांनी नवा चेहरा. मी आत्ता निघाले तर ती आणि आणखी कुणीतरी नवीनच, असे दोघं इथं उरतील.

आणि अवघड दिवस पुढंच आहेत. दसरा झाला की मुकादमांच्या गाड्या येतील, तांडा ऊसतोडीला निघेल. त्याआधी घरोघर जाऊन, कोणतं लेकरू आजीजवळ ठेवता येईल, याची यादी करायची. शाळा व्यवस्थापन समितीकडून हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव पाठवायचा. एकदा लेकरू फडावर गेलं की उन्हाळ्यापर्यंत परत येत नाही. आई-बापाशी हे बोलायचं कसं, ते कागदावरून शिकता येत नाही. यंदा ती माझ्याबरोबर हिंडेल, पुढच्या वर्षी एकटी जाईल.

आई, तुझ्या मोतीबिंदूचं ऑपरेशन दिवाळीच्या सुट्टीतच करून घेऊ. लातूरच्या दवाखान्यात तारीख मी बोलून ठेवते, सुट्टीभर तुझ्याजवळच राहीन. तोवर बाबा, शुगरची गोळी आणि तपासणी चुकवू नका. पुढच्या वर्षीच्या अर्जाचं तिघांनी बसून ठरवू. तुम्ही भर म्हणालात तर भरीन.

तुमची,
लेक