दारातली सावली

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आई-वडील थकू लागले की मुलांच्या मनात जी भीती घर करते, तिच्याविषयी आपल्याकडे उघडपणे बोलले जात नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

माझे वडील ७८ वर्षांचे आहेत. यंत्रमागावर चादरी विणण्यात त्यांची उमेदीची सगळी वर्षे गेली; मागांच्या खडखडाटाने कान मंद झाले, त्यामुळे घरातही ते मोठ्यानेच बोलतात. दोन वर्षांपूर्वी त्यांना हृदयविकाराचा सौम्य झटका येऊन गेला आणि तेव्हापासून मला रात्री दोनच्या सुमारास जाग येऊ लागली. मी त्यांच्या खोलीच्या दाराशी जाऊन उभी राहत असे आणि अंगावरची चादर श्वासागणिक वर-खाली होताना दिसेपर्यंत तिथून हलत नसे. कार्यालयात असताना आईचा फोन अवेळी आला तरी हात कापत. कोणाजवळ मन मोकळे करू गेले, तर ‘असे अभद्र बोलू नये, वास्तू तथास्तु म्हणते’ एवढेच ऐकायला मिळे. बोलणाऱ्यांची माया मला कळत होती, पण दाबून ठेवलेली ती भीती चिडचिड होऊन बाहेर पडत होती. जिना चढू नका, एकटे मंडईत जाऊ नका, लोणच्याला हात लावू नका, असा माझा तगादा इतका वाढला की वडील माझ्यासमोर गप्पच बसू लागले.

एका रात्री, नेहमीच्या चढ्या आवाजात नव्हे, तर अगदी हळू ते म्हणाले, “जागा आहे गं मी. ये, बस.” त्यांना ऐकू कमी येते, दारातली सावली मात्र रोज दिसत होती. आई उठली, तिने चहा टाकला आणि आम्ही तिघे पहाटेपर्यंत बोलत बसलो. त्यांनी कपाटातली रेक्झिनची पिशवी काढून पासबुक, विम्याचे कागद दाखवले. ‘शेवटच्या घटकेला मला यंत्रांना जोडून ठेवू नका,’ असे सांगितले. आणि सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेतला अक्षता सोहळा आईबरोबर आणखी एकदा संमती कट्ट्याजवळ उभे राहून पाहायचा आहे, टीव्हीवर नाही, हेही बजावले.

उपचारांविषयीची अशी इच्छा आधीच लिहून ठेवण्यास सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्यता दिली आहे आणि २०२३ पासून दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून ती साक्षांकित करून घेता येते. आम्ही तसे केले. भीतीने झोप उडालेल्यांसाठी केंद्र सरकारच्या टेलि-मानस या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक रात्रंदिवस सुरू असतो आणि तिथे मराठीत बोलता येते, हेही अनेकांना ठाऊक नसते.

सोलापुरातली कितीतरी मुले पुण्याला, हैदराबादला नोकरीसाठी आहेत. दाराशी जाऊन पाहण्याची सोयही त्यांना नाही. वडिलांनी फोन उचलेपर्यंतच्या त्या चार-पाच घंटा त्यांना किती लांब वाटत असतील, याची मला कल्पना आहे. आपल्या दैनिकाने आठवड्यातून एकदा या विषयासाठी जागा द्यावी, त्यात मुलांनी लिहावे आणि आई-वडिलांनीही लिहावे, अशी कळकळीची विनंती आहे.

मला अजूनही दोनला जाग येते. वडील खोकले की मी कूस बदलते.

आपली नम्र,
एक वाचक, सोलापूर